आधी खोलीचं भाडं विचारा, मग कायदा वाचा

"एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी वेश्याव्यवसायाविषयीच्या कायद्यांची तुलना घेतली आहे. स्वीडन, जर्मनी, न्यूझीलंड आणि भारत. समाजकार्याच्या दृष्टीने यातला कुठला कायदा सर्वांत चांगला, आणि भारताने कुठला घ्यावा?" असा समाजकार्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे.

मी वीसेक वर्षं दक्षिण महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्ये काम केलं. सुरुवात एचआयव्ही रोखण्याच्या टीआय प्रकल्पात ओआरडब्ल्यू म्हणून, म्हणजे पिशवीत कंडोम घेऊन गल्लीत फिरणारी ताई. पुढे समुपदेशन, मग कोर्टाच्या पायऱ्या. माझं उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुस्तकात तुम्हाला चार रकान्यांचा तक्ता मिळेल. संपूर्ण बंदी, परवाना देऊन परवानगी, फक्त गिऱ्हाइकाला शिक्षा, आणि गुन्ह्यांच्या यादीतूनच विषय काढून टाकणं. परीक्षेत दहा मार्क मिळवायला तो पुरतो. गल्लीत मात्र फारसा उपयोगी पडत नाही. 'माझा धंदा कायदेशीर आहे का' असं मला आजवर दोन-तीनच बायकांनी विचारलं असेल. 'मालक खोली खाली करायला सांगतोय, काय करू?' हे शेकडो जणींनी विचारलं. म्हणून मी कुठल्याही देशाचा कायदा हातात आला की पहिल्यांदा शिक्षेचं कलम बघत नाही. घराचं काय होतं ते बघते.

ही सवय एका केसमुळे लागली. आमच्या वस्तीत एक मावशी होती, पन्नाशीकडे झुकलेली. तिच्या वर घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, नव्हती, दलाल नव्हता. ती आणि तिची एक मैत्रीण, दोघींनी मिळून एक खोली घेतली होती आणि भाडं निम्मं निम्मं भरत होत्या. रेड पडली. कागदावर मैत्रीण झाली 'पीडित महिला' आणि मावशी झाली कुंटणखाना चालवणारी आरोपी. दोघींची जागा उलटी असती तरी चाललं असतं, कारण खोलीचे पैसे त्या दिवशी कुणी दिले एवढाच काय तो फरक होता. मावशीचा एकोणीस वर्षांचा मुलगा रिक्षा चालवायचा आणि आईजवळ राहायचा. त्याच्यावर आईच्या कमाईवर जगल्याचं कलम लागलं.

मला वाटलं पोलिसांनी काहीतरी चूक केली असणार. वकिलांनी मूळ कायदा पुढ्यात ठेवला. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम, ज्याला वस्तीत आणि पोलीस ठाण्यात सगळे 'पिटा' म्हणतात. त्यात स्वतः एकटीने, आडोशाला, पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण कुंटणखान्याची व्याख्या बघा: दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी किंवा दोन वा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी वापरली जाणारी जागा. म्हणजे एकटी राहिली तर घर, दोघी राहिल्या तर कुंटणखाना. कलम ४ प्रमाणे अठरा वर्षांवरचा कुणीही तिच्या कमाईवर जगत असेल तर गुन्हेगार, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या माणसावर तसा संशय कायदाच आधी धरतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईने त्याला जेवायला वाढणंसुद्धा अडचणीचं. कलम ७ मध्ये देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरची मर्यादा आहे. आपल्या गावांतल्या पेठा डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या बुधवार पेठेतून दगडूशेठ गणपती हाकेच्या अंतरावर आहे. २०० मीटरमध्ये देऊळ नाही अशी गल्ली महाराष्ट्रात दाखवून द्या. कलम १८ खाली दंडाधिकारी जागा रिकामी करायला लावू शकतात, आणि आदेश निघाल्यावर हातात दिवस असतात सात.

हे डोळ्यांपुढे ठेवून आता बाकीचे देश बघू.

स्वीडनचा कायदा १ जानेवारी १९९९ पासून आहे. विकणाऱ्या बाईला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. यामागचा विचार कमअस्सल नाही. वेश्याव्यवसाय ही पुरुषांनी बायकांवर केलेली हिंसा आहे, मग मार खाणाऱ्याला कशाला शिक्षा, असा तो विचार. गिऱ्हाइकाला आधी दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होती, २०११ मध्ये ती एक वर्षावर गेली. २०१० मध्ये अ‍ॅना स्कारहेड यांच्या सरकारी चौकशी अहवालात रस्त्यावरचा व्यवसाय निम्म्यावर आल्याचं म्हटलं होतं. स्टॉकहोम, गोथेनबर्ग इथे समाजकल्याण खात्याची 'मिका' नावाची समुपदेशन केंद्रं आहेत. अशी सरकारी सोय आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात जरी असती तरी मी तिथे रोज गेले असते.

पण त्याच देशाच्या दंडसंहितेत, भाडेकरूच्या घरात हा व्यवहार चालतो हे कळूनही मालकाने भाडेकरार मोडण्यासाठी हालचाल केली नाही, तर त्याने दलालीला मदत केली असं धरलं जातं. आता बाई गुन्हेगार नाही, हे खरंच. पण तिला घर देणारा गुन्हेगार. मग ती मारहाणीची तक्रार द्यायला जाईल का? तक्रारीवर पत्ता लिहावा लागतो.

नॉर्वेत तर हे उघडच झालं. ओस्लो पोलिसांनी २००७ ते २०११ या काळात एक मोहीम चालवली, तिचं नावच होतं 'ऑपरेशन बेघर'. नाव मी ठेवलेलं नाही, त्यांचंच आहे. घरमालकांना कळवायचं की भाडेकरू बाई हा धंदा करते, तिला काढा, नाहीतर तुमच्यावर दलालीचा खटला. बायका त्याच दिवशी रस्त्यावर. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या २०१६ च्या अहवालात अशा नायजेरियन बायकांची हकीकत आहे, ज्या हल्ल्याची तक्रार घेऊन पोलिसांकडे गेल्या आणि पुढे स्वतःच घराबाहेर निघाल्या. गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारा कायदा तिथे २००९ मध्ये आला. घरं त्याच्या आधीपासून जात होती.

आयर्लंडने २०१७ मध्ये हाच मार्ग धरला. २०१९ मध्ये तिथे दोन रोमानियन बायकांना नऊ-नऊ महिन्यांची कैद झाली. त्यातली एक गरोदर होती. गुन्हा काय? एकाच घरात दोघी काम करत होत्या, म्हणून कुंटणखाना. ती बातमी वाचताना मला आमची मावशीच आठवली. तक्त्यात आयर्लंड 'प्रगत' रकान्यात आणि भारत 'अंशतः बंदी'च्या रकान्यात, पण त्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही कायदे एकच.

कॅनडाची गोष्ट तुमच्या यादीत नाही, ती घाला. व्हँकुव्हरमध्ये रस्त्यावरच्या बायका एकामागून एक बेपत्ता होत होत्या. तिथे 'ग्रँडमाज हाउस' नावाची एक जागा होती, बायकांना निदान चार भिंतींच्या आत गिऱ्हाईक नेता यावं म्हणून. कुंटणखाना म्हणून ती बंद झाली. डिसेंबर २०१३ मध्ये 'बेडफर्ड' खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीन कलमं रद्द केली आणि त्यात या जागेचाही उल्लेख केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: धंदा गुन्हा नाही म्हणायचं आणि तो सुरक्षितपणे करायचा प्रत्येक मार्ग गुन्हा ठरवायचा, हे चालणार नाही. सरकारने वर्षभरात नवा कायदा आणला, तो स्वीडनच्या वळणाचा. निकाल जिंकून कायदा हरला, असं मी प्रशिक्षणात सांगते.

फ्रान्सचं एकच अंग सांगते, कारण समाजकार्याच्या विद्यार्थ्याने तेच बघावं. १३ एप्रिल २०१६ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला १५०० युरो दंड आला आणि सोबत 'बाहेर पडण्याचा मार्ग' आला. धंदा सोडायची तयारी दाखवणाऱ्या बाईला जिल्हा पातळीवरच्या समितीने मान्यता दिली की सहा महिन्यांचा राहण्याचा परवाना, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत वाढवता येणारा, आणि सुरुवातीला दरमहा ३३० युरो भत्ता. पॅरिसमध्ये ३३० युरोत खोली मिळत नाही. आणि धंदा आधी सोडायचा, मग ही मदत. आपल्याकडच्या पुनर्वसन योजनांत शिलाई मशीन मिळतं, तसंच हे. मशीन वाईट नसतं हो. पण ते ठेवायला खोली लागते आणि ब्लाउजाच्या शिलाईत खोलीचं भाडं निघत नाही. या कायद्याविरुद्ध २६१ जण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले होते. जुलै २०२४ मध्ये निकाल फ्रान्सच्या बाजूने लागला, हेही प्रामाणिकपणे लिहा.

जर्मनीबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे की तिथे 'सगळं मोकळं'. २००२ च्या कायद्याने करार वैध झाला, बाईला आपल्या पैशांसाठी कोर्टात जाता येऊ लागलं. जुलै २०१७ पासून मात्र प्रत्येकीने नोंदणी करायची, आरोग्य समुपदेशन घ्यायचं, दाखला जवळ बाळगायचा. टोपणनावाचा दाखला मिळतो, तरी तिथल्या बायका त्याला शिवी घालूनच बोलतात. २०१९ च्या शेवटी नोंदलेल्या सुमारे ४०,४०० होत्या, २०२३ च्या शेवटी सुमारे ३०,६००. प्रत्यक्षात धंद्यात असलेल्यांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. नोंदलेल्यांत सर्वांत मोठा गट रोमानियातून आलेल्या बायकांचा. त्यांच्या गावी काय माहीत असतं? की मुलगी हॉटेलात कामाला आहे. अशी बाई सरकारी यादीत नाव घालेल? जी घालत नाही ती बेकायदा ठरते, आणि बेकायदा बाईला कोण जास्त पिळतं ते सांगायला नको.

हे कळायला जर्मनीला जायची गरज नाही. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५००० रुपयांची मदत जाहीर केली होती, शाळकरी मुलं असलेल्यांना २५०० जास्त. चांगला निर्णय होता. आम्ही याद्या करायला बसलो तर घरात चूल बंद असलेल्या बायकासुद्धा म्हणायच्या, "ताई, पैसे नकोत, नाव नको." एकीचं लग्न ठरलेल्या मुलीच्या सासरी बँकेत ओळख होती. तिने पैसे सोडले. जर्मनीचा आकडा मला त्या दिवशी समजला.

नेदरलँड्स या कथेत थोडक्यातच बसतो. ऑक्टोबर २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठली, परवाने आले, आणि काही वर्षांतच ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने जुन्या भागातल्या, बायका भाड्याने घेऊन बसतात त्या, खिडक्या बंद करायला घेतल्या. परवाना खोलीवर आहे, बाईवर नाही. खोल्या कमी झाल्या की भाडं चढतं. अर्थशास्त्र एवढंच.

न्यूझीलंड. इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझा कल तिकडे आहे. २५ जून २००३ ला तिथल्या संसदेत वेश्याव्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून काढणारा कायदा ६० विरुद्ध ५९ मतांनी, एक सदस्य तटस्थ राहून, मंजूर झाला. मसुदा घडवण्यात बायकांच्या स्वतःच्या संघटनेचा, १९८७ पासून काम करणाऱ्या प्रॉस्टिट्यूट्स कलेक्टिव्हचा, मोठा हात होता. आणि त्यामुळेच कदाचित तो खोलीच्या आतून लिहिल्यासारखा वाटतो. चारपर्यंत बायका, कुणीही कुणाची मालकीण नसताना, एकत्र काम करत असतील तर परवाना लागत नाही. आमच्या मावशीची खोली तिथे अगदी सरळ कायद्यात बसली असती. पैसे घेतले, कबूल केलं, तरी कुठल्याही क्षणी नाही म्हणायचा हक्क कलमात लिहिलेला आहे. आणखी एक कलम मला फार आवडतं: हे काम करायला नकार दिला म्हणून कुणाचा सरकारी बेकारभत्ता कापता येणार नाही. धंद्यात राहायचा हक्क आणि धंद्यात न जायचा हक्क एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसलेत. २०१४ मध्ये तिथल्या मानवाधिकार लवादाने एका बाईला तिच्या व्यवस्थापकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल २५,००० न्यूझीलंड डॉलरची भरपाई दिली. धंदेवालीचाही लैंगिक छळ होऊ शकतो, एवढं आपल्याकडे पोलीस ठाण्यात पटवून द्यायला मला कित्येकदा अर्धा दिवस लागलाय. कायदा आल्यावर बायकांची संख्या फुगेल अशी भीती होती. २००८ च्या सरकारी आढावा समितीला तसं आढळलं नाही.

पण या कायद्यालाही एक दार आहे आणि ते बंद आहे. कलम १९ प्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला हे काम करता येत नाही. म्हणजे आपल्या देशातून शिकायला किंवा काम करायला गेलेली एखादी या धंद्यात असेल, तर तिच्यासाठी न्यूझीलंडसुद्धा ओस्लोच. 'न्यूझीलंड सर्वोत्तम' असं एका ओळीत लिहू नका.

बेल्जियमकडे नजर ठेवा. २०२२ मध्ये हे काम गुन्ह्यांतून काढलं आणि १ डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, निवृत्तिवेतन हे लागू झालं. अजून ताजं आहे, लगेच निष्कर्ष काढू नका.

आता तुम्ही विचाराल की मानवी तस्करीचं काय. विचारायलाच हवं. अठराच्या आतल्या मुलीबद्दल माझ्या मनात कुठलीही चर्चा नाही, तिला बाहेर काढायचं, पोक्सो लावायचा, विषय संपला. मी स्वतः अशा मुलींसाठी रात्री-अपरात्री धावलेय. आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक वेळी खबर कुणी दिली? गल्लीतल्याच एखाद्या बाईने. तिला माझ्यावर विश्वास होता आणि तिच्या स्वतःच्या खोलीला धक्का लागणार नाही असं तिला वाटत होतं, म्हणून. ज्या वर्षी वस्तीवर सरसकट रेड पडल्या, त्या वर्षी खबरी आटल्या. गोव्यात २००४ मध्ये वास्कोजवळची बायणाची वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडली गेली. बायका संपल्या नाहीत, पांगल्या, आणि कंडोम घेऊन जाणाऱ्यांनाही सापडेनाशा झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीला पिटाच्या आधारे बॅरिकेड लागले. स्वीडनच्या बाजूने बोलणारे माझे मित्र इथे माझ्याशी भांडतात, मागणी तोडल्याशिवाय तस्करी थांबणार नाही म्हणतात. त्यांचं म्हणणंही प्रबंधात द्या, तेही या कामातलेच लोक आहेत.

भारतात २००६ मध्ये पिटाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव आला होता: खाणाखुणा करून गिऱ्हाईक बोलावण्याचं कलम ८ काढायचं आणि गिऱ्हाइकाला शिक्षा आणायची. म्हणजे अर्धं स्वीडन. तो मंजूर न होताच बारगळला. मग १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'बुद्धदेव कर्मास्कर' खटल्यातला आदेश. तो आला त्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'धंदा कायदेशीर झाला' म्हणून पेढ्यांचे फोटो फिरत होते. तसं काही झालेलं नाही. पोलिसांनी सन्मानाने वागावं, कंडोम हा पुरावा धरू नये, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा घ्यावा, पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड मिळावं, हे आदेश झाले. पण स्वखुशीने काम करणाऱ्या सज्ञान बाईच्या वाट्याला पोलिसांनी जाऊ नये आणि रेडमध्ये तिला अटक करू नये, या शिफारशींवर केंद्राचे आक्षेप होते, त्या अंमलबजावणीच्या आदेशात आल्या नाहीत. कुंटणखान्याची व्याख्या तर जशीच्या तशी आहे. आधार कार्ड आलं, पण त्यावरचा पत्ता सात दिवसांत जाऊ शकतो.

परदेशी कायदा आपल्या गल्लीत कसा येतो, याचं एक उदाहरण जरूर घ्या. अमेरिकेने २००३ मध्ये एचआयव्हीच्या मदतीला अट घातली की पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लिहून द्यावं. ब्राझीलने २००५ मध्ये सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेनेही तो पैसा सोडला. ही अट २०१३ मध्ये अमेरिकन संस्थांपुरती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उडवली, पण परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही असं २०२० मध्ये सांगितलं. सांगलीत कंडोम कुणी वाटायचे हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं.

तर भारताने कुठला कायदा घ्यावा? अख्खा कुणाचाच नको. न्यूझीलंडची चार बायकांची तरतूद, तिथलंच नकाराचं कलम, स्वीडनची ती सरकारी समुपदेशन केंद्रं. आणि पिटाच्या कलम ४ मधून सज्ञान मुलं आणि म्हातारे आईबाप वगळणं. एवढं झालं तरी माझ्या वीस वर्षांतल्या निम्म्या फायली उघडल्याच नसत्या.

मुलाखतींना जाल तेव्हा दुपारी बारा ते तीन ही वेळ बरी, संध्याकाळी धंद्याच्या वेळी जाऊन बसू नका. सहीसाठी कागद पुढे करू नका, तोंडी संमती घ्या आणि तशी परवानगी आधीच तुमच्या मार्गदर्शकांकडून मिळवा. फॉर्मवर नाव नको, गल्लीचं नावही नको. 'या धंद्यात कशा आलात?' हा प्रश्न काढून टाका, त्याची पाठ झालेली उत्तरं तुम्हाला मिळतील. भाडं किती, पावती कुणाच्या नावावर, शेवटची खोली का सोडली, हे विचारा. आणि चार रकान्यांचा तक्ता टाकायचाच असेल तर पाचवा रकाना जोडा: दोघी एका खोलीत राहिल्या तर त्या देशात काय होतं? उत्तर शिक्षेच्या कलमात शोधू नका, व्याख्यांच्या पानावर बघा.